सातवी ‘ब’मधल्या शिवणाच्या बाई

आमच्या शाळेचा जिना धोकादायक ठरला आणि शाळा भरवायची कुठे हा प्रश्न उभा राहिला. इमारत धडधाकट होती. भिंतींना तडे नव्हते, छत गळत नव्हतं. वाईट होता तो फक्त जिना. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने मधल्या एका पायरीवर टाच आपटली, पायरी हलली, आणि त्याने खाली लाल पट्टी बांधून टाकली. सगळे वर्ग वरच्या मजल्यांवर होते. खाली फक्त कार्यालय, पाण्याची टाकी आणि सायकली लावायची जागा. तेव्हा नवा जिना होईपर्यंत शाळा ऑनलाइन भरेल असं ठरलं. मी भूगोल शिकवतो. नकाशा कागदावर काय आणि पडद्यावर काय, माझं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते शिवणाच्या बाईंचं.

बाई आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या. सडपातळ, ताठ, बोलणं मोजकं, गळ्यात कायम मापाची टेप. वर्गात कोणी दंगा केला तर त्या आवाज चढवत नसत. त्या मुलाला पुढे बोलवायचं, त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण त्याला दाखवायचं आणि ते त्याच्याकडूनच लावून घ्यायचं, अशी त्यांची शिक्षा. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्या आणि त्यांची आई, दोघीच राहायच्या. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र आणि त्याला खेटून आईची खुर्ची. आईला आता सुई ओवता येत नसे, पण लेकीने घातलेली टीप सरळ आहे की वाकडी हे ती अजूनही बोटाने चाचपून सांगायची. बहुतेक वेळा वाकडी आहे असंच सांगायची.

ऑनलाइन शाळेसाठी एक पोर्टल घेतलं होतं. संगणकाच्या सरांनी सगळ्या शिक्षकांची माहिती त्यात घाईघाईने भरली. बाईंच्या जन्मसालात त्यांच्या हातून चूक झाली आणि बाई बारा वर्षांच्या झाल्या. बारा वर्षांची मुलगी शिक्षिका असणं पोर्टलला पटलं नाही. त्याने त्यांना सातवी ‘ब’मध्ये बसवलं.

पहिल्या दिवशी बाईंनी कॅमेऱ्यासमोर कापड, सुई, दोरा मांडून ठेवलं आणि आपला तास उघडायला गेल्या. तास उघडेना. ‘तुमच्या शिक्षिका अजून आलेल्या नाहीत, कृपया वाट पाहा,’ असं लिहून आलं. बाईंनी वाट पाहिली. मुलांनीही पाहिली. शेवटी ‘शिक्षिका अनुपस्थित’ अशी नोंद होऊन तास संपला, आणि वेळेवर हजर राहिल्याबद्दल बाईंना एक चांदणी मिळाली.

त्यांनी संगणकाच्या सरांना फोन केला. सरांनी कपाळाला हात लावला, माफी मागितली आणि जन्मसाल दुरुस्त करायला घेतलं. पण पोर्टल म्हणालं, बारा वर्षांच्या मुलीची माहिती पालकांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही. बाईंनी अडीअडचणीला कळवायचं म्हणून कधीकाळी आईचा नंबर दिला होता. तोच आता पालकांचा नंबर झाला होता.

आई फोन वापरायची तो नातेवाइकांशी बोलायला. तिच्या फोनवर संदेश आला, ‘आपल्या पाल्याच्या माहितीत बदल करण्यास आपली संमती आहे का?’ खाली दोन चौकटी, हो आणि नाही. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, हो वर बोट ठेव. आईने चष्मा पुसला. संमतीच्या आधी पाल्याची प्रगती पाहता येत होती, ती तिने पाहिली. गणिताचा गृहपाठ बाकी. निबंध बाकी. ‘डिजिटल नागरिकत्व’ या विषयाचा एकही धडा पूर्ण नाही.

बाईंनी तिला समजावलं की ही सगळी चूक आहे, संगणकाच्या सरांकडून झालेली.

“चूक त्यांची असेल,” आई म्हणाली. “गृहपाठ तुझा आहे.”

आणि तिने नाही वर बोट ठेवलं.

बाईंना वाटलं, म्हातारं माणूस आहे, एक-दोन दिवसांत विसरेल. पण आई काही विसरली नाही. पोर्टल तिला रोज कळवायचं, आपला पाल्य आज इतका वेळ हजर होता, आपल्या पाल्याने तासाला जांभई दिली, आपल्या पाल्याचा कॅमेरा बंद होता. आई ते सगळं वाचायची आणि जेवताना एकेकाचा जाब विचारायची. बाई एकदा वैतागून म्हणाल्या की मी शिकवते गं, शिकत नाही. त्यावर आईने फोन बाजूला ठेवला. मग तिने सांगितलं की बाई लहान असताना शाळेतून बोलावणं आलं की त्यांचे वडीलच जायचे. ती दार लावून घरी थांबायची, आणि परत आल्यावर वडील एवढंच म्हणायचे, ठीक चाललंय. “मला कधी कोणी काही विचारलंच नाही. आता विचारतायत तर मी बघून सांगणार.”

दुसऱ्या दिवसापासून बाई सातवीच्या तासांना बसू लागल्या.

राहिला त्यांच्या स्वतःच्या तासाचा प्रश्न. त्यावर हेडसरांनी तोडगा काढला. शिवणाचा तास कागदोपत्री हेडसरांच्या स्वतःच्या नावावर करायचा, म्हणजे तो उघडेल, आणि विद्यार्थिनी म्हणून आत आलेल्या बाईंनी शिकवायचं. तोडगा चांगला होता. मात्र ज्याच्या नावावर तास आहे तो कॅमेऱ्यासमोरून उठला की पोर्टल तास बंद करायचं. त्यामुळे हेडसरांना पूर्ण वेळ बसून राहणं भाग पडलं. ते बोलूनचालून कामाचे गृहस्थ, नुसतं बसणं त्यांच्याने होईना. पहिल्या आठवड्यात त्यांनी फायली चाळल्या. दुसऱ्या आठवड्यात बाई सुई ओवायला शिकवत होत्या, तेव्हा त्यांच्याही हातात सुई दिसली. बायकोची असावी. मग ते नेमाने शिवू लागले. त्यांचा धावदोरा इतका वाकडातिकडा जायचा की बाईंना राहवायचं नाही, आणि त्या सातवी ‘ब’च्या चौकटीतून सांगायच्या, “सर, टाका लहान घ्या. घाई नाही.” हेडसर मान डोलवायचे आणि टाका लहान घ्यायचे.

डिजिटल नागरिकत्व शिकवणारे सर नव्या दमाचे होते. नेहमी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांपुढे बसून ते शिकवायचे, की कॅमेऱ्यात आपल्या घरातलं काय दिसतंय याचं आपल्याला भान हवं. आपला पासवर्ड कोणाला सांगू नये. अनोळखी माणसाने कितीही गोड बोलून विचारलं तरी आपलं नाव, पत्ता, पालकांची माहिती देऊ नये. समोरचं माणूस दिसत नसलं तरी ते माणूस आहे हे विसरू नये. बाईंनी हे सगळं मन लावून ऐकलं. त्यांना ते पटलं. इतकं पटलं की त्याच संध्याकाळी पोर्टलने ‘सुरक्षेसाठी’ त्यांच्या पालकांची जन्मतारीख विचारली तेव्हा त्यांनी उत्तर लिहिलं, ‘सांगणार नाही. आपण मला अनोळखी आहात.’

पोर्टलने त्यांचं खातं बंद केलं. नागरिकत्वाच्या सरांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. खातं बंद असल्यामुळे ते गुण त्यांना दिसले नाहीत, आईला दिसले. आईने ते शेजारणीला दाखवले. खातं पुन्हा उघडायला हेडसरांना अर्धा दिवस लागला.

आता वर्गाबद्दल सांगायला हवं. सातवी ‘ब’ सुरुवातीला बाईंना दबकूनच होती. पण मुलांच्या आपसातल्या गटात पोर्टलने बाईंनाही टाकलं होतं, कारण वर्गातले सगळे तिथे असायलाच हवेत. तिथे शिक्षकांना प्रवेश नव्हता. बाई तिथे काही लिहायच्या नाहीत, म्हणून थोड्या दिवसांत मुलं त्यांना विसरली. मग एकदा गणिताचं एक उदाहरण बाईंना सुटेना. त्यांनी गटात विचारलं. लगेच उत्तर आलं, ‘अगं, कंस आधी सोडव ना.’ लिहिणारीच्या लक्षात आलं तेव्हा तिने जीभ चावली असणार, पण बाईंनी कंस सोडवला आणि ‘आलं, थँक्यू’ असं लिहिलं. त्यानंतर गटात त्या ‘अगं’च राहिल्या.

ती लिहिणारी मुलगी म्हणजे वर्गातली वकील. तिला सगळे वकीलच म्हणत, कारण कुठल्याही गोष्टीवर ती दोन्ही बाजूंनी भांडू शकायची. तिच्या डोक्यात कायम काहीतरी चाललेलं असायचं. हेडसर सुई ओवताना जीभ बाहेर काढतात हे सगळ्यात आधी तिने हेरलं. दोरा सुईच्या नाकाशी आला की जीभ ओठांच्या कोपऱ्यातून हळूच बाहेर, दोरा हुकला की आत, पुन्हा बाहेर. तिने तेवढाच तुकडा उचलला, तो पुन्हा पुन्हा चालेल असा जोडला आणि गटात टाकला. हेडसरांची जीभ आत-बाहेर, आत-बाहेर, थांबायचं नाव नाही.

वर्गात हशा फुटला. बाई तेव्हा मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी फोन उघडला, पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. आईने विचारलं काय झालं, तर त्यांना सांगताही येईना, नुसत्या डोळे पुसत राहिल्या. हसत असतानाच त्यांचा अंगठा तुकड्याखालच्या हसऱ्या चेहऱ्याच्या बटणावर पडला. पोर्टलने नोंद घेतली, ‘बाई हसल्या.’

तो तुकडा गटातून बाहेर पडला, इतर वर्गांत गेला, पालकांत गेला. दुसऱ्या दिवशी हेडसरांना कोणीतरी त्याबद्दल सांगितलं. त्यांनी तो पाहिला नाही, पाहायचा नाही असं ठरवलं, पण चौकशी लावली. पोर्टलमध्ये कोण हसलं हे सगळं होतंच. हसलेल्या प्रत्येकाने आपल्या पालकांसह ऑनलाइन चौकशीला हजर राहायचं होतं. बाईंनाही पत्र आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एकदाही कोणी जाब विचारला नव्हता. आई मात्र तयारीला लागली. तिने ठेवणीतली साडी काढली, खुर्ची खिडकीपासून हलवून भिंतीशी घेतली आणि लेकीला बजावलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोलायचं ते खरं.

मी त्या चौकशीला शिक्षक-सभासद म्हणून होतो. पडद्यावर चौकटीच चौकटी. प्रत्येकीत एक मूल आणि एक मोठं माणूस. एकाच चौकटीत मोठं माणूस डावीकडे आणि त्याहून मोठं उजवीकडे.

हेडसरांनी विचारलं, हे कोणी केलं. कोणी बोललं नाही. वकील तिथे नव्हतीच, कारण तिने ते तयार केलं होतं पण हसल्याचं बटण दाबलं नव्हतं. शेवटी हेडसर बाईंकडे वळले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “बाई, निदान तुम्ही तरी. तुम्ही त्या गटात आहात. तुम्हाला माहीत असणार.”

बाई म्हणाल्या, “माहीत आहे, सर. पण मुलांनी मला तिथे आपल्यातली समजून राहू दिलं. ज्याने केलंय त्याने स्वतः येऊन तुम्हाला सांगावं, असं मी त्याला सांगेन. माझ्यापुरतं सांगायचं तर मी हसले. मनापासून हसले. तुम्हाला वाईट वाटेल हे तेव्हा मनात आलं नाही, ते यायला हवं होतं. माफ करा.”

हेडसर काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आईने विचारलं, “पालकांनी बोललं तर चालेल?”

ते हो म्हणाले.

“सर, मुलगी चुकली हे मला मान्य आहे. घरी मी तिला बोलले. पण एक विचारते, रागावू नका. तुमची जीभ बाहेर होती की नव्हती?”

पडद्यावरच्या झाडून सगळ्या चौकटी एकाच वेळी गोठल्या. मला वाटलं, नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं.

हेडसरांनी सांगितलं की आपण तो तुकडा पाहिलेला नाही, त्यामुळे आपल्याला कल्पना नाही. आणि नियमाप्रमाणे हसलेल्या सर्वांना आठवडाभर वर्गबंदी केली.

नियम नियमाच्या जागी ठीक होता, पण त्यामुळे सातवी ‘ब’ जवळजवळ रिकामी झाली, आणि शाळेत शिवण शिकवणारं कोणी उरलं नाही. तास हेडसरांच्या नावावर होता. तो घेणं त्यांनाच भाग होतं. त्यांनी बाईंना फोन करून विचारलं की काज कसं करतात ते फोनवर सांगाल का. बाईंनी सांगितलं. दोघंही चौकशीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मधूनमधून मागून आईचा आवाज येत होता, कापड ताणून धरायला सांग त्यांना.

तासाला चार-पाच डोकी होती. न हसलेली. त्यांत वकील. हेडसरांनी मांडीवर कापड घेतलं, कापडाला चीर दिली आणि तिच्या कडेने टाके घालायला सुरुवात केली. ते बोलत होते आणि शिवत होते, आणि खरं सांगायचं तर बरं शिकवत होते, कारण कुठे अडतं हे त्यांना अगदी ताजं ठाऊक होतं. जीभ बाहेर येत होती. ती येतेय हे त्यांना आता कळत होतं, तरी येत होती. काज पुरं झालं. त्यांनी अभिमानाने कापड उचलून दाखवायला घेतलं, तर कापडाबरोबर पँटचा पायही वर आला. त्यांनी काज थेट पँटसकट शिवलं होतं.

ते मुलांना दाखवायला उठू लागले. खुर्ची मागे सरली. कापडाबरोबर ओढल्या जाणाऱ्या पँटचं आणखी काय काय होणार होतं ते वकिलाला आधीच दिसलं. तिचा आवाज आला, “सर, आधी कॅमेरा बंद करा. मग उठा.”

हेडसर थबकले. त्यांनी खाली पाहिलं. मग कॅमेरा बंद केला. कॅमेरा बंद झाल्यामुळे पोर्टलने तास संपवला. त्या चार-पाच जणांपैकी कोणीही काही टिपलं नाही, कुठे टाकलं नाही.

संध्याकाळी वकील आपल्या बाबांना घेऊन हेडसरांच्या घरी गेली. बाईंनी तिला फोन केलाच होता, पण ती म्हणाली की तो फोन आला नसता तरी आले असते. खरंखोटं तिचं तिला माहीत. तिने सगळं सांगितलं. हेडसरांनी तो तुकडा आधी पाहायला मागितला. तिने नको नको म्हणत तो पोर्टलवरून त्यांच्या फोनवर पाठवला. त्यांनी तो एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांच्या खांद्यांना गदगदा हिसके बसू लागले, आणि फोन खाली ठेवताना त्यांचाही अंगठा कुठेतरी लागला.

काही वेळाने स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी फोन घेऊन बाहेर आल्या. अडीअडचणीला कळवायचा नंबर त्यांचा होता. पोर्टलने त्यांना कळवलं होतं की आपला पाल्य वर्गातल्या आक्षेपार्ह चित्रफितीवर हसला असून त्याच्यावर वर्गबंदी लागू होत आहे. वर्गबंदी लागू झालीही. हेडसर बंद म्हणजे सगळे तास बंद, सगळ्या संमती बंद. ती उठवायला पालकांची हमी लागत होती. पत्नींनी ती लगेच दिली नाही. त्यांनी आधी विचारलं की घरातल्या सुया कुठे जातात. हे मला हेडसरांनीच सांगितलं, पुढे केव्हातरी, अगदी गंभीरपणे.

तो तुकडा वकिलाने काढून टाकला. पण ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेलेलं आता मागे घेता येणार नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. ती रडवेली झाली, तेव्हा हेडसर म्हणाले, राहू दे, निदान सुई ओवताना दोरा दिसतोय स्पष्ट. सगळ्यांची वर्गबंदी उठली.

सत्र संपेपर्यंत बाईंनी डिजिटल नागरिकत्वाचे सगळे धडे पूर्ण केले. शेवटची पालकसभा झाली. नागरिकत्वाच्या सरांनी आईला सांगितलं की तुमची मुलगी शांत आहे, वर्गात मिसळते, हात वर करून बोलते, फक्त गणितात कंसाकडे लक्ष द्यायला हवं. आईने त्यांना सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं, सावकाश. मग त्या रात्री नाही, सकाळी, नीट उजेडात, चष्मा पुसून तिने हो वर बोट ठेवलं.

एका क्षणात बाईंचं वय वाढलं. त्यांचं नाव सातवी ‘ब’मधून निघालं, शिक्षकांत आलं, आणि मुलांच्या गटातून त्या आपोआप बाहेर पडल्या. तिथे कोणीतरी ‘अगं, कुठे गेलीस?’ असं विचारलं होतं, हे त्यांना नंतर वकिलाकडून कळलं. नव्या जिन्याच्या पायऱ्या तोवर ओतून झाल्या होत्या, नुसता कठडा बाकी होता. शाळा पुढच्या आठवड्यात भरणार होती.

आईच्या फोनवर शेवटचा संदेश आला, आपला पाल्य सज्ञान झाला असून आपले पालक-खाते बंद करण्यात येत आहे. तिने तो वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. बाई मशीनशी नुसत्याच बसून होत्या. त्यांनाही त्या दिवशी काही सुचत नव्हतं.

“आज गृहपाठ काय आहे?” आईने विचारलं.

“काही नाही आई. संपलं ते.”

आईने मशीनखाली पडलेल्या चिंध्यांकडे पाहिलं.

“मग रिकामी बसू नकोस,” ती म्हणाली. “केर काढ.”

बाई उठल्या आणि त्यांनी केर काढला.